गेंड्याच्या गळ्यापासून रोजच्या इंजेक्शनपर्यंत: परावटू संप्रेरकाचा इतिहास

परावटू संप्रेरक, म्हणजेच पॅराथायरॉइड हॉर्मोन, हे ८४ अमिनो आम्लांच्या एकाच साखळीचे पेप्टाइड आहे. गळ्यात थायरॉइड ग्रंथीच्या मागच्या बाजूला चिकटलेल्या चार परावटू ग्रंथींत ते तयार होते. प्रत्येक ग्रंथी मसुराच्या दाण्याएवढी, वजनाला साधारण ३० ते ४० मिलिग्रॅम. रक्तातले कॅल्शियम किंचित घटले की हे संप्रेरक लगेच स्रवते आणि तीन वाटांनी ती घट भरून काढते. हाडांचे शोषण वाढवून ते तिथले कॅल्शियम रक्तात आणते. लघवीवाटे जाणारे कॅल्शियम ते मूत्रपिंडात अडवते, फॉस्फेट मात्र बाहेर टाकायला लावते. मूत्रपिंडातच ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप तयार करवून ते आतड्यांतून जास्त कॅल्शियम शोषले जाईल अशी सोय करते.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते. त्यातले ९९ टक्के हाडांत आणि दातांत असते. उरलेल्या अल्पशा भागावर स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंचे कार्य आणि हृदयाचे ठोके अवलंबून असतात. त्यामुळे दर १०० मिलिलिटर रक्तद्रवात ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम ही पातळी शरीर काटेकोरपणे सांभाळते आणि वेळ आली तर त्यासाठी हाडे झिजू देते.

ग्रंथीची पहिली नोंद झाली तेव्हापासून तिच्यातले संप्रेरक वेगळे काढून दाखवेपर्यंत पाऊणशे वर्षे गेली. या इतिहासाचे टप्पे मोजमापाच्या साधनांनी पाडले आहेत. शवविच्छेदनाच्या सुरीने ग्रंथी सापडली, पण तिचे काम कळले नाही. रक्तातले कॅल्शियम मोजता येऊ लागले तेव्हा काम कळले. रक्तातले संप्रेरक मोजता येऊ लागले तेव्हा निदान पक्के झाले. प्रत्येक नव्या साधनाबरोबर डॉक्टरांसमोर येणारा रुग्णही बदलत गेला.

गेंडा आणि उप्सालाचा विद्यार्थी

लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयाने १८३४ मध्ये एक भारतीय एकशिंगी गेंडा विकत घेतला होता. १८४९ मध्ये तो मेला आणि त्याचे विच्छेदन रिचर्ड ओवेन यांच्याकडे आले. ओवेन हे त्या काळचे इंग्लंडमधील अग्रगण्य शरीररचनाशास्त्रज्ञ. ‘डायनोसॉर’ हे नाव रूढ करणारे तेच. गेंड्याच्या गळ्याची चिरफाड करताना, थायरॉइडमधून शिरा बाहेर पडतात त्या जागी चिकटलेला एक लहान, घट्ट, पिवळसर पिंड त्यांना दिसला. १८५० मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी त्याचा उल्लेख केला. हा निबंध पूर्ण स्वरूपात छापून आला तो १८६२ मध्ये. एका अवाढव्य जनावराच्या सविस्तर वर्णनात हे एक वाक्य होते आणि ते तिथेच पडून राहिले.

माणसातल्या ग्रंथीचा शोध स्वीडनमध्ये लागला. उप्साला विद्यापीठातील वैद्यकाचे विद्यार्थी इव्हार सँडस्ट्रॉम यांना १८७७ मध्ये कुत्र्याच्या थायरॉइडजवळ एक बारीक, वेगळी ग्रंथी आढळली. मांजर, ससा, बैल, घोडा यांच्यात ती शोधल्यावर त्यांनी ५० मानवी शवांची तपासणी केली. बहुतेक शवांत थायरॉइडच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन ग्रंथी सापडल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची रचना थायरॉइडहून निराळी होती, म्हणजे हे थायरॉइडचे तुटलेले तुकडे नव्हते. थायरॉइडच्या, म्हणजे अवटूच्या, शेजारी असतात म्हणून सँडस्ट्रॉम यांनी त्यांना परावटू ग्रंथी असे नाव दिले आणि १८८० मध्ये उप्सालाच्या वैद्यक मंडळाच्या नियतकालिकात स्वीडिश भाषेत निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी वैद्यकाची मुख्य भाषा जर्मन होती. स्वीडिश निबंध स्वीडनबाहेर फारच थोड्यांनी वाचला. सँडस्ट्रॉम मानसिक आजाराने त्रस्त होते. १८८९ मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, त्यांनी आत्महत्या केली. नुसत्या डोळ्यांनी दिसणारा मानवी शरीरातला शेवटचा अवयव शोधणारा माणूस, हा त्यांचा लौकिक त्यांच्या मृत्यूनंतरचा आहे.

गलगंडाच्या शस्त्रक्रिया आणि पेटके

ग्रंथीचे महत्त्व पटले ते ती चुकून कापली गेल्यामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूल देण्याची आणि जंतुनाशकांची सोय झाली आणि गलगंड काढण्याच्या शस्त्रक्रिया युरोपात वाढल्या. व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ आणि स्वित्झर्लंडमधील बर्न शहरात थिओडोर कोखर हे त्यातले दोन मोठे सर्जन. बिलरोथ यांच्या काही रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांतच विचित्र त्रास सुरू होई. आधी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येत, मग हातापायांना वेदनादायक पेटके येत, आणि स्वरयंत्राचे स्नायू आखडले की श्वास कोंडे. थायरॉइड पूर्ण काढल्यावर येणाऱ्या या पेटक्यांची पहिली नोंद बिलरोथ यांचे साहाय्यक अँटन व्योल्फ्लर यांनी १८७९ मध्ये केली. या विकाराला ‘टेटनी’ म्हणतात. जखमेतील जंतूंमुळे होणाऱ्या धनुर्वाताशी त्याचा संबंध नाही.

टेटनी ओळखायची एक साधी खूण फ्रेंच वैद्य आर्मां त्रूसो यांनी आधीच, १८६१ मध्ये, दाखवून दिली होती. ती आजही वापरली जाते. रक्तदाब मोजण्याचा पट्टा दंडाला बांधून तीन मिनिटे फुगवलेला ठेवतात. कॅल्शियम कमी असेल तर मनगट वाकते, बोटे सरळ राहून एकमेकांना चिकटतात आणि अंगठा तळहातात शिरतो. रुग्णाने ठरवूनही हात उघडत नाही. पट्टा सैल केल्यावरच तो मोकळा होतो.

बर्नमध्ये कोखर यांचे रुग्ण सहसा टेटनीतून सुटत, पण काही महिन्यांनी त्यांचा चेहरा सुजे, हालचाल मंदावे आणि बुद्धी जड होई. १८८३ मध्ये कोखर यांनी ही स्थिती जाहीर केली. तो थायरॉइडच्या अभावाचा परिणाम होता. दोन सर्जन एकच शस्त्रक्रिया करत असताना रुग्णांचे हाल वेगवेगळे का व्हावेत, याचा उलगडा अमेरिकी सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी पुढे केला. दोघांचेही काम त्यांनी जवळून पाहिले होते. कोखर सावकाश, रक्तस्राव होऊ न देता, थायरॉइड तेवढी नेमकी सोडवून काढत. आजूबाजूचे भाग शाबूत राहत. बिलरोथ झपाट्याने काम करत. त्यात थायरॉइडचा थोडा अंश मागे राहून जाई आणि परावटू ग्रंथी मात्र कापल्या जात किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटे.

हे स्पष्टीकरण देणे शक्य झाले ते पॅरिसमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ यूजेन ग्ले यांच्यामुळे. थायरॉइड काढल्यावर कुत्री टेटनीने मरत आणि ससे जगत, हे त्या वेळचे न सुटलेले कोडे होते. सशाच्या खालच्या परावटू ग्रंथी थायरॉइडपासून सुट्या, थोड्या अंतरावर असतात. त्यामुळे थायरॉइड काढली तरी त्या आत राहतात. १८९१ मध्ये ग्ले यांनी त्याही काढल्या आणि ससेही पेटके येऊन मेले. सँडस्ट्रॉम यांचा विस्मृतीत गेलेला निबंध उजेडात आणण्याचे श्रेयही ग्ले यांचेच. १८९६ मध्ये इटलीतील मोदेना येथे जूलिओ वास्साले आणि फ्रांचेस्को जेनेराली यांनी थायरॉइड जागेवर ठेवून फक्त परावटू ग्रंथी काढल्या आणि टेटनी होते हे दाखवले. जगण्यासाठी या ग्रंथी लागतात हे सिद्ध झाले. त्या करतात काय, हे मात्र समजले नव्हते. शरीरात तयार होणारे एखादे विष त्या निकामी करत असाव्यात, असा तेव्हाचा प्रबळ समज होता.

कॅल्शियमची मोजणी

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेत विल्यम मॅकॅलम आणि कार्ल फोग्टलिन यांनी १९०९ मध्ये या समजाला धक्का दिला. परावटू ग्रंथी काढलेल्या कुत्र्यांच्या रक्तात त्यांना कॅल्शियम कमी आढळले. पेटके येत असलेल्या कुत्र्याच्या शिरेत कॅल्शियमच्या क्षाराचे द्रावण सोडले की थोड्याच वेळात त्याचे अंग सैल पडे आणि तो उठून उभा राही. टेटनीच्या झटक्यावर शिरेतून कॅल्शियम देण्याचा उपाय आजही रुग्णालयांत केला जातो, तो या प्रयोगांतून आला.

विषाचा सिद्धान्त तरीही लगेच मागे पडला नाही. ग्लासगो येथील नोएल पेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१६-१७ च्या सुमारास ग्वानिडीन हे रसायनच टेटनीचे मूळ असल्याचे मांडले आणि पुढची काही वर्षे हा पक्ष टिकून राहिला. वाद लांबण्याचे एक कारण मोजणीतच होते. रक्तातले कॅल्शियम काढायला बरेच रक्त आणि पुष्कळ वेळ लागे; वारंवार मोजणे जवळजवळ अशक्य होते. १९२१ मध्ये बेंजामिन क्रेमर आणि फ्रेडरिक टिसडॉल यांनी थोड्याशा रक्तद्रवावर भागणारी पद्धत शोधली. रक्तद्रवात ऑक्झलेट मिसळायचे, तळाशी बसलेला कॅल्शियम ऑक्झलेटचा पांढरा साका धुऊन घ्यायचा, तो गरम आम्लात विरघळवायचा आणि त्यात जांभळे परमँगनेट थेंब थेंब सोडायचे. पडलेल्या थेंबाचा रंग विरून जातो तोवर सोडत राहायचे, फिकट गुलाबी छटा टिकली की थांबायचे. किती परमँगनेट खर्ची पडले यावरून कॅल्शियमचा आकडा निघे. आता एकाच जनावराचे कॅल्शियम दिवसातून अनेकदा मोजता येऊ लागले.

याच सोयीवर संप्रेरकाचा अर्क उभा राहिला. मिनेसोटातील फॅरिबो या गावी वैद्यकी करणारे अॅडॉल्फ हॅन्सन यांनी १९२३ च्या सुमारास गुरांच्या परावटू ग्रंथी हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून परिणामकारक अर्क काढला. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठातील जेम्स कॉलिप यांनी स्वतंत्रपणे तसाच अर्क तयार करून १९२५ मध्ये प्रसिद्ध केला. इन्शुलिनचा अर्क माणसाला देण्याइतका शुद्ध करणारे हेच कॉलिप. क्रेमर-टिसडॉल पद्धतीत त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर सुधारणाही केली, आणि ती त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. ग्रंथी काढलेल्या कुत्र्यांना हा अर्क टोचला की त्यांचे कॅल्शियम चढे आणि पेटके थांबत. निरोगी कुत्र्यांना पुन्हा पुन्हा टोचला तर कॅल्शियम प्रमाणाबाहेर वाढे, कुत्री ओकत, मलूल होत, त्यांचे रक्त दाट होई आणि शेवटी ती मरत. ग्रंथी विष निकामी करत नाही, कॅल्शियम वाढवणारा पदार्थ स्रवते, हे यातून निर्विवाद ठरले. अर्काची ताकद सांगायचे एककही कुत्र्याच्या रक्तातले कॅल्शियम किती वाढते यावरूनच ठरवले गेले.

व्हिएन्नातील ट्राम कंडक्टर

संप्रेरक कमी पडल्याने काय होते याचा असा उलगडा होत असताना, ते जास्त झाल्याने काय होते हा प्रश्न हाडांच्या बाजूने पुढे आला. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी १८९१ मध्ये हाडे पोखरली जाऊन त्यांत तंतू आणि पोकळ्या होण्याच्या रोगाचे वर्णन केले होते. अशा रुग्णांच्या शवविच्छेदनात कधी कधी परावटू ग्रंथीची गाठ सापडे. व्हिएन्नाचे याकोब एर्डहाइम यांनी मऊ पडलेल्या हाडांच्या रुग्णांत या ग्रंथी वाढलेल्या असतात असे दाखवले. त्यांच्या मते हाडांचा रोग मूळचा आणि ग्रंथीची वाढ ही त्याची भरपाई होती. १९१५ मध्ये फ्रीडरिश श्लागेनहाउफर यांनी उलट बाजू मांडली: चारांपैकी एकच ग्रंथी वाढली असेल तर तीच रोगाचे मूळ असावी आणि ती काढून टाकावी.

कसोटीचा प्रसंग १९२५ मध्ये व्हिएन्नात आला. सर्जन फेलिक्स मँडल यांच्याकडे आलेला रुग्ण ट्रामवर कंडक्टर होता, वय ३८. काही वर्षे हाडे दुखत होती, मांडीचे हाड मोडले होते, क्ष-किरणांच्या छायाचित्रांत हाडे पोखरलेली दिसत होती आणि लघवीत कॅल्शियमचा पांढरा गाळ बसे. मँडल यांनी आधी एर्डहाइम यांचा विचार प्रमाण मानला. हाडांना संप्रेरक कमी पडत असावे म्हणून त्यांनी परावटू ग्रंथींचा अर्क दिला, आणि अपघातात दगावलेल्या एका माणसाच्या ग्रंथींचे रुग्णात रोपणही केले. काहीच फरक पडला नाही. मग ३० जुलै १९२५ रोजी त्यांनी उलट मार्ग धरला. गळा उघडून पाहिला तेव्हा एका परावटू ग्रंथीची दोन-अडीच सेंटिमीटर लांबीची गाठ मिळाली. ती काढल्यावर काही दिवसांतच लघवीतले कॅल्शियम उतरले, दुखणे थांबले, आणि पुढे तो काठीच्या आधाराने चालू लागला. काही वर्षांनी रोग उलटला आणि १९३६ मध्ये तो वारला. पण कार्यकारणाचा क्रम त्या एका शस्त्रक्रियेने निश्चित झाला: ग्रंथीची गाठ आधी, हाडांचा रोग नंतर.

मँडल ज्यू होते. १९३८ मध्ये नात्सींनी ऑस्ट्रिया घेतल्यावर त्यांना व्हिएन्ना सोडावे लागले. ते जेरुसलेमला गेले आणि महायुद्धानंतर परतले.

सात शस्त्रक्रिया आणि मुतखडे

अमेरिकेत या विकाराचा अभ्यास एका जहाजाच्या कप्तानाभोवती फिरला. चार्ल्स मार्टेल हे व्यापारी जहाजांवरचे अधिकारी. सहा फुटांहून उंच असलेल्या मार्टेल यांचे मणके दबत जाऊन काही वर्षांत त्यांची उंची सात इंचांनी घटली. १९२६ मध्ये न्यूयॉर्क येथे यूजीन ड्युबॉय यांनी रक्तातले वाढलेले कॅल्शियम पाहून परावटू ग्रंथीच्या अतिस्रावाचे निदान केले आणि त्यांना बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलकडे पाठवले. गळ्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, पण सहा वेळा गाठ मिळाली नाही. मार्टेल यांनी स्वतः वैद्यकीय ग्रंथ वाचले आणि आणखी शोध घेण्याचा आग्रह धरला. गर्भावस्थेत या ग्रंथी वरून खाली सरकतात, त्यामुळे एखादी छातीतही उतरलेली असू शकते. १९३२ मध्ये सातव्या शस्त्रक्रियेत एडवर्ड चर्चिल यांना छातीच्या मध्यभागी ती गाठ सापडली. कॅल्शियम एकदम कोसळू नये म्हणून तिचा थोडा भाग रक्तपुरवठ्यासह ठेवला. तरीही टेटनी झाली, मूत्रवाहिनीत खडा अडकला, आणि गाठ सापडल्यावर सहा आठवड्यांत मार्टेल वारले. याच काळात चर्चिल यांचे तरुण सहकारी ऑलिव्हर कोप शवागारात परावटू ग्रंथी ओळखण्याचा पद्धतशीर सराव करू लागले. चरबीच्या पिवळ्या रंगातून ग्रंथीचा तपकिरी-पिवळा रंग वेगळा काढणे हेच या शस्त्रक्रियेतले खरे कसब, हा पाठ तिथून रूढ झाला.

याच रुग्णालयात फुलर ऑलब्राइट यांनी रोगाची व्याख्या रुंदावली. ते व्हिएन्नात एर्डहाइम यांच्या हाताखाली वर्षभर शिकून आले होते. जास्तीचे कॅल्शियम लघवीतून जाते, तर हाडे शाबूत असलेल्या काही माणसांना नुसते मुतखडेच होत असले पाहिजेत, असा त्यांचा तर्क होता. मुतखड्याच्या रुग्णांचे कॅल्शियम आणि फॉस्फेट तपासायला सुरुवात केली आणि रुग्ण सापडू लागले. १९३४ मध्ये त्यांनी १७ सिद्ध झालेले रुग्ण एकत्र मांडून हा विकार समजला जातो तितका दुर्मीळ नाही आणि तो अनेक रूपांनी येतो, हे दाखवले. रक्तातले फॉस्फेट मोजायची त्या काळची सर्वमान्य पद्धत १९२५ मध्ये हार्वर्डमध्येच सायरस फिस्क आणि आंध्रातून तिथे गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी बसवली होती. ‘फिस्क-सुब्बाराव पद्धत’ हे नाव जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकांत कायम राहिले आहे.

हाड की मूत्रपिंड?

संप्रेरक नेमके कुठे काम करते यावर पुढची दोन दशके वाद चालला. ऑलब्राइट यांचा कल मूत्रपिंडाकडे होता: संप्रेरक फॉस्फेट बाहेर टाकते, रक्तातले फॉस्फेट उतरते, आणि ती घट भरून काढण्यासाठी हाडे विरघळतात. कॉलिप यांच्या गटाचे म्हणणे होते की संप्रेरक थेट हाडांवर काम करते. मूत्रपिंडे काढलेल्या प्राण्यांतही हाडांवरचा परिणाम त्यांना दिसला होता. लंडनमध्ये नायजेल बार्निकॉट यांनी १९४८ मध्ये डोळ्यांना दिसेल असा पुरावा दिला. उंदराच्या कवटीच्या हाडाचा तुकडा आणि परावटू ग्रंथीचा तुकडा शेजारी-शेजारी ठेवून त्यांनी दुसऱ्या उंदराच्या मेंदूत रोपण केले. ग्रंथी जिथे हाडाला टेकली होती नेमके तिथेच हाड खाल्ले गेले. अखेर दोन्ही पक्ष बरोबर ठरले. संप्रेरक दोन्हीकडे स्वतंत्रपणे काम करते.

हाड खाण्याचे काम अस्थिभक्षक पेशी करतात. गंमत अशी की पुढच्या संशोधनात परावटू संप्रेरकाचा ग्राही (रिसेप्टर) आढळला तो हाड बांधणाऱ्या अस्थिजनक पेशींवर. १९८१ मध्ये गिडियन रोडान आणि जॉन मार्टिन यांनी अंदाज मांडला की संप्रेरकाचा निरोप आधी हाड बांधणाऱ्या पेशींना मिळतो आणि त्या तो अस्थिभक्षक पेशींना पोचवतात. १९९८ मध्ये तो निरोप पोचवणारे प्रथिन, रँक-लिगंड, ओळखले गेले आणि अंदाज खरा ठरला.

शुद्ध संप्रेरक आणि त्याची मोजणी

कॉलिप यांचा अर्क शुद्ध नव्हता; उकळत्या आम्लात संप्रेरकाचे तुकडे पडत. १९५९ मध्ये जेराल्ड ऑरबाख यांनी फिनॉल वापरून ते अखंड काढण्याची रीत शोधली. १९७० मध्ये गुरांच्या संप्रेरकाचा अमिनो आम्लक्रम ठरला, १९७८ मध्ये मानवी संप्रेरकाचा. ८४ पैकी पहिली ३४ अमिनो आम्लेच कॅल्शियम वाढवायला पुरेशी आहेत, हेही १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस कळले.

रक्तात हे संप्रेरक अत्यंत अल्प असते आणि काही मिनिटांतच निम्मे नष्ट होते. सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यॅलो यांनी इन्शुलिनसाठी शोधलेली, किरणोत्सर्गी खूण आणि प्रतिपिंडे वापरणारी मोजणी १९६३ मध्ये ऑरबाख आणि जॉन पॉट्स यांच्याबरोबर परावटू संप्रेरकाला लावली. या पद्धतीसाठी यॅलो यांना १९७७ चे नोबेल मिळाले. बर्सन १९७२ मध्येच वारले होते. रक्तात संप्रेरकाचे निरुपयोगी तुकडेही फिरत असल्याने सुरुवातीचे आकडे गोंधळात टाकत. १९८७ मध्ये साखळीची दोन्ही टोके एकाच वेळी पकडणारी चाचणी आली आणि अखंड संप्रेरक तेवढे मोजता येऊ लागले. १९९० च्या दशकात ही चाचणी इतकी जलद झाली की रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर असतानाच, गाठ काढल्यानंतर संप्रेरक उतरले की नाही, हे पाहता येऊ लागले.

याच काळात दोन जोड शोध लागले. रक्तातले कॅल्शियम कमी करणारेही एक संप्रेरक आहे, हे कॅनडातील हॅरल्ड कॉप यांनी १९६१-६२ मध्ये दाखवले आणि त्याला कॅल्सिटोनिन म्हटले. ते परावटू ग्रंथीतून येते असे कॉप यांना वाटले होते. प्रत्यक्षात ते थायरॉइडमधल्या वेगळ्या पेशींतून येते हे लवकरच सिद्ध झाले. आणि १९९३ मध्ये एडवर्ड ब्राउन व स्टीव्हन हेबर्ट यांनी परावटू पेशींवरचा कॅल्शियम ओळखणारा ग्राही शोधला. ग्रंथीला कॅल्शियमची घट कशी समजते, या प्रश्नाचे हे उत्तर होते. या ग्राहीवर काम करणारे सिनाकॅल्सेट हे औषध २००४ मध्ये डायलिसिसवरच्या रुग्णांसाठी मंजूर झाले. मूत्रपिंडे निकामी झाली की परावटू ग्रंथी वाढतात आणि हाडे झिजतात, त्यावर ते वापरतात.

हाड झिजवणारे संप्रेरक हाड बांधते

परावटू संप्रेरक औषध म्हणून आले ते त्याच्या ख्यातीच्या उलट कामासाठी. १९२९ मध्ये वॉल्टर बाउअर, जोसेफ ऑब आणि ऑलब्राइट यांनी, आणि १९३२ मध्ये हान्स सेल्ये यांनी, प्राण्यांना थोड्या मात्रेत अर्क दिल्यास हाड वाढते हे पाहिले होते. ही निरीक्षणे चाळीस वर्षे दुर्लक्षित राहिली. १९७० च्या दशकात कृत्रिम ३४ अमिनो आम्लांचा तुकडा उपलब्ध झाल्यावर ब्रिटनमध्ये जोनाथन रीव्ह आणि सहकाऱ्यांनी हाडे ठिसूळ झालेल्या रुग्णांवर त्याचा प्रयोग केला. १९८० च्या अहवालात जाळीदार हाडाची वाढ नोंदली गेली. फरक पडतो तो वेळेमुळे. संप्रेरक सतत चढे राहिले तर हाड झिजते. दिवसातून एकदा थोडा वेळ चढून उतरले तर हाड बांधणाऱ्या पेशी जोमाने काम करतात.

२००१ मध्ये १,६३७ रजोनिवृत्त स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोज २० मायक्रोग्रॅम घेणाऱ्या गटात मणक्यांचे नवे अस्थिभंग ६५ टक्क्यांनी कमी झाले. उंदरांत हाडांचा कर्करोग आढळल्याने ही चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली होती. २००२ मध्ये टेरिपॅराटाइड या नावाने अमेरिकेत परवानगी मिळाली, ती दोन वर्षांच्या मर्यादेसह आणि कर्करोगाच्या ठळक इशाऱ्यासह. माणसांत तसा धोका वाढल्याचे दिसले नाही, म्हणून २०२० मध्ये तो इशारा काढला गेला. हे इंजेक्शन आता भारतीय कंपन्याही बनवतात.

लक्षणांविना रोग आणि भारतातले चित्र

रोगाचे रूप सर्वांत मोठ्या प्रमाणावर बदलले ते यंत्राने. १९७० च्या दशकात पाश्चात्त्य प्रयोगशाळांत एकाच रक्तनमुन्यावर अनेक चाचण्या करणारी स्वयंचलित यंत्रे बसली आणि कोणत्याही कारणाने रक्त दिलेल्या माणसाचे कॅल्शियम आपोआप मोजले जाऊ लागले. अमेरिकेतील रॉचेस्टर या शहरात १९७४ मध्ये ही सोय सुरू होताच या विकाराच्या निदानांची संख्या एकदम चढली. नवे रुग्ण बहुतांशी उतारवयातल्या स्त्रिया होत्या आणि त्यांना काहीच त्रास नव्हता. अशांपैकी कोणावर शस्त्रक्रिया करावी आणि कोणाला नुसते तपासत राहावे, हे ठरवण्यासाठी १९९० मध्ये अमेरिकी राष्ट्रीय आरोग्य संस्थेला परिषद बोलवावी लागली.

भारतात जुने आणि नवे असे दोन्ही टप्पे एकाच वेळी दिसतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१० मध्ये पश्चिम भारतातील रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यातले रुग्ण पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा तरुण होते, आणि हाडांचे दुखणे, अस्थिभंग, मुतखडे घेऊनच ते दवाखान्यात पोचले होते. चंडीगड आणि लखनौ येथील अनुभवही असाच आहे. कॅल्शियमची तपासणी नेहमीच्या रक्तचाचण्यांत सरसकट नसणे आणि ड जीवनसत्त्वाची व्यापक कमतरता, ही त्याची दोन मुख्य कारणे मानली जातात. ड जीवनसत्त्व कमी असले की ग्रंथीवरचा ताण आणि हाडांची झीज दोन्ही वाढतात.

दीडशेहून अधिक वर्षांच्या या प्रवासाचा व्यवहारातला निष्कर्ष छोटा आहे. मुतखडा पुन्हा पुन्हा होत असेल, तरुण वयात किरकोळ धक्क्याने हाड मोडले असेल, किंवा हाडे व स्नायू दुखण्याचे कारण सापडत नसेल, तर रक्तातले कॅल्शियम तपासावे, आणि ते जास्त निघाले तर परावटू संप्रेरकही. दोन्ही आकडे चढे असतील आणि गाठ एकाच ग्रंथीत असेल, तर अनुभवी सर्जनच्या हातून ती काढल्यावर हा रोग बहुतेक रुग्णांत कायमचा बरा होतो.